गुरुवारच्या बैठकीविषयी पंच कमिटीला खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि पंच कमिटीतील सर्व वडीलजन,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

गेल्या महिन्यात उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये आपण जाहीर केलेत की गुरुवारी संध्याकाळी सभागृहात भरणारी चर्चेची बैठक पुढील निर्णय होईपर्यंत बंद राहील. चार दिवसांनी आम्हाला लेखी पत्र आले. त्यात तीन अटी आहेत. बैठकीला येणाऱ्या सगळ्यांची नावे कमिटीला द्यावीत, विषय महिनाभर आधी मंजूर करून घ्यावेत, आणि पाळकसाहेब हजर नसतील तेव्हा सिद्धांताच्या विषयावर बोलू नये. सूचना चर्चच्या सगळ्या मंडळीसमोर दिली गेली, म्हणून उत्तरही सगळ्यांना वाचता येईल असे लिहिते आहे. लोक मला दारात थांबवून विचारतात, "तुम्ही तिथे करता तरी काय?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर लपवण्यासारखे नाही.

मी या मंडळीत सव्वीस वर्षे संडे स्कूल घेतले. आज प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रांगेत माझ्यापुढे उभ्या असणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना दहा आज्ञा मी पाठ करून घेतल्या आहेत. त्यांतले बरेच जण आता येत नाहीत, आणि ते भांडून गेलेले नाहीत. एका रविवारी आले नाहीत, मग दोन रविवार, मग कोणी विचारलेही नाही. गुरुवारची बैठक सुरू झाली ती या न विचारण्यातून. आम्ही नऊ जण आहोत, कधी अकरा होतो, परीक्षांच्या दिवसांत पाच.

आधी मार्ककृत शुभवर्तमानाचे प्रकरण, कारण तक्रार तिथून सुरू झाली. आपल्यापर्यंत असे पोहोचले की आम्ही मार्काच्या शेवटच्या बारा ओव्या काढून टाकल्या. आम्ही एकही ओवी काढलेली नाही. सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीपाशी आम्ही थांबलो, एवढेच. आज हाती असलेल्या मार्काच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांपैकी दोन, सिनायटिकस आणि व्हॅटिकानस, ही चौथ्या शतकातली आहेत आणि दोन्हींत शुभवर्तमान आठव्या ओवीला संपते. पुढच्या बारा ओव्या त्यांत नाहीत. ही माहिती कोणा नास्तिकाने शोधून काढलेली नाही. पवित्र शास्त्राच्या अनेक आवृत्त्यांत ती तळटीप म्हणून छापलेली असते. मी सव्वीस वर्षे मुलांना शिकवले आणि त्या तळटिपेवर माझे बोट कधी थांबले नाही, याचे मला वाईट वाटते.

आठव्या ओवीत काय आहे ते पुन्हा एकदा वाचून पाहावे. तीन स्त्रिया येशूच्या कबरेपाशी जातात. धोंड लोटलेली असते. तो उठला आहे, जाऊन शिष्यांना सांगा, असे त्यांना सांगितले जाते. आणि त्या पळून जातात, कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. तिथे शेवट. आम्ही या एका ओवीवर तीन गुरुवार घालवले. कोणी म्हणाले, शेवटचे पान हरवले असेल. कोणी म्हणाले, मार्काने मुद्दाम तिथे सोडले, म्हणजे पुढचे वाक्य वाचणाऱ्याने आपल्या जगण्यातून लिहावे. आमच्यात रात्रपाळी करणारी एक नर्स आहे. ती तिसऱ्या गुरुवारपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "आनंदाची बातमी हातात असते आणि तरी तोंडातून शब्द फुटत नाही, असं होतं. मी पाहिलंय. पेशंट वाचलाय हे सांगायला गेले आणि माझीच मान खाली." त्या दिवशी आम्ही पुढे काही वाचले नाही. लांब शेवट खरा की छोटा, यावर आमचे एकमत झालेले नाही आणि त्यावर मत घ्यावे असे कोणाला वाटलेही नाही. पण त्या तीन स्त्रिया आता मला चित्रातल्या वाटत नाहीत.

दुसरी गोष्ट सांगण्याआधी मी संबंधितांची परवानगी घेतली आहे.

आमच्यात एक ज्येष्ठ सभासद आहेत. उपासनेत ते कित्येक वर्षे माझ्या शेजारच्या बाकावर असतात. विश्वासाचा अंगीकार, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची श्रद्धेची कबुली, म्हणताना "शरीराचे पुनरुत्थान" हे शब्द जवळ आले की ते चष्मा काढतात, रुमालाने पुसतात, पुन्हा घालतात आणि "आमेन"ला सगळ्यांबरोबर येतात. मला वाटायचे, सवय आहे. एका गुरुवारी ते म्हणाले, पत्नी गेल्यापासून ते शब्द त्यांच्या तोंडून निघत नाहीत. खोटे म्हणायचे नाही आणि गप्प राहिलेले दिसायचेही नाही, म्हणून चष्मा. चौदा वर्षे.

कोणीही त्यांना समजावले नाही. ती चर्चेची बैठक होती, पण त्या वेळी चर्चा झाली नाही. बऱ्याच वेळाने कोणीतरी मार्काचा नववा अध्याय उघडला आणि आजारी मुलाच्या बापाची गोष्ट वाचली. तो बाप एकाच दमात येशूला सांगतो की माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासाला मदत कर. येशू त्याला आधी नक्की काय ते ठरवून ये असे म्हणत नाही. मुलाला बरे करतो. आमचे ज्येष्ठ मित्र आजही ते शब्द म्हणत नाहीत. फक्त आता चष्मा पुसत नाहीत. त्या ओळीला नुसते उभे राहतात, आणि मी शेजारी जरा मोठ्याने म्हणते.

आपण विचारलेत की या बैठकीने मंडळीच्या श्रद्धेत काय भर घातली. मला या चष्म्याहून मोठे काही दाखवता येणार नाही.

आता, "नव्या पद्धतीचे ख्रिस्तीपण" या शब्दांविषयी. आपल्या पत्रात ते अवतरणात आहेत, जणू आम्ही बाहेरून काही पंथ आणला. आम्ही काय वाचतो ते सांगते. गेल्या शतकाच्या अखेरीस आणि या शतकाच्या सुरुवातीला अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत अनेक छोटे गट उभे राहिले, त्यांना मिळून 'इमर्जिंग चर्च' असे नाव पडले. उपदेशाऐवजी संवाद, बाकांऐवजी वर्तुळ, मठांतल्या जुन्या प्रार्थनांकडे परत वळणे, आणि आधी माणूस आपला मग त्याचा विश्वास, असा त्यांचा कल. ब्रायन मॅक्लारेन हे त्यांतले सर्वांत परिचित नाव, ते स्वतः मंडळीचे पाळक होते. इंग्लंडच्या चर्चने २००४ साली एक अहवाल काढला आणि मेथडिस्ट चर्चच्या सोबतीने अशा गटांना 'फ्रेश एक्स्प्रेशन्स' या नावाने आपल्या छत्राखाली जागा दिली. म्हणजे एका जुन्या, बिशप असलेल्या, शिस्तीच्या चर्चने ठरवले की हे लोक आमचेच आहेत.

या चळवळीचे सगळेच आम्हाला पटते असे नाही, आणि हेही तुम्हाला ठाऊक असावे. तिच्यात पुढे बसून बोलणारे बहुतेक गोरे, शिकलेले पुरुष होते. पुस्तके आणि परिषदा खूप झाल्या, आजाऱ्याच्या उशाशी बसणारे त्या मानाने कमी. फिलिस टिकल यांनी मांडले की दर पाचशे वर्षांनी चर्च आपले घर झाडून जुने सामान बाहेर काढते आणि आपण तशाच वळणावर आहोत. ही कल्पना आकर्षक आहे, मला ती ओढूनताणून वाटते. पवित्र आत्मा दिनदर्शिका पाहून काम करतो असे मला शास्त्रात कुठे दिसले नाही.

शिवाय 'नवे' म्हणजे पाश्चात्त्यच का धरावे? आमच्या दोन बैठका सायमन किम्बांगूवर झाल्या. १९२१ साली बेल्जियन काँगोत हा बाप्टिस्ट मिशनमध्ये शिकलेला माणूस आजाऱ्यांसाठी प्रार्थना करू लागला, लोक हजारोंनी जमू लागले. जेमतेम सहा महिने हे चालले. मग त्याला पकडले, मृत्युदंड ठोठावला, तो जन्मठेपेत बदलला आणि तीस वर्षे कैदेत राहून तो १९५१ साली तुरुंगातच मेला. त्याच्या मागे उभी राहिलेली मंडळी १९६९ साली जागतिक चर्च परिषदेत सभासद म्हणून घेतली गेली. ज्यांना १९२१ मध्ये हे बंड वाटले, तेही चांगले ख्रिस्ती प्रशासक आणि मिशनरी होते. त्यांनाही शिस्तीचीच काळजी होती.

आणि घरचे उदाहरण तर आपल्या गीतांच्या पुस्तकात पानोपानी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने आपण डोळे मिटून म्हणतो. त्याच टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. तो चुकला की अपुरा राहिला, यावर आमच्यात कडाक्याचा वाद झाला. माझे मत असे की तो फार लवकर एका माणसाच्या खांद्यावर आला. पण त्यांची भजने आपण ठेवली आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांना जागा द्यायची का हा त्यांचा प्रश्न मात्र बाहेर ठेवला, याचा विचार आपण कमिटीत एकदा करावा अशी माझी हात जोडून विनंती आहे.

घरांत जमणाऱ्या लहान गटांची भीती मंडळीला नवी नाही. १६६४ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला की घरच्या माणसांखेरीज पाचाहून अधिक जणांनी अधिकृत पद्धतीबाहेर उपासनेसाठी जमू नये. स्वीडनमध्ये १७२६ साली असाच हुकूम निघाला, तो १८५८ पर्यंत लागू होता. नॉर्वेत हान्स नील्सन हाउगे हा शेतकऱ्याचा मुलगा गावोगाव बैठका घेत फिरला म्हणून १८०४ साली आत गेला आणि त्याच्या खटल्याचा निकाल लागायला जवळजवळ दहा वर्षे गेली. आज त्याच देशांतली चर्चेस त्या बैठकांतून आलेल्या माणसांची नावे आदराने घेतात. मी आपली तुलना त्या हुकमांशी करत नाही. आपण आम्हाला एक पत्र पाठवलेत, तेही सौम्य भाषेत. फक्त ही वाट कुठे जाते हे पाहिलेले आहे, तेवढे सांगते.

मात्र आपली काळजी पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. फिलिप याकोब स्पेनर या पाळकाने १६७० साली फ्रँकफुर्टमध्ये आपल्याच घरी वाचनाची आणि प्रार्थनेची बैठक सुरू केली. हेतू मंडळी जागी करण्याचा होता. पण त्यांतले काही जण पुढे म्हणू लागले की खरी मंडळी इथेच आहे, आणि प्रभुभोजनाला जाणे त्यांनी सोडले. स्पेनरना याचे फार दुःख झाले. आमच्यातही असा सूर एकदा लागला होता. "रविवारी काय मिळतं? खरं ते गुरुवारीच," असे एक तरुण म्हणाला. त्याच बैठकीत आम्ही ठरवले की प्रभुभोजन गुरुवारी कधीही होणार नाही. ते रविवारी, आपल्या हातून, सगळ्यांबरोबर.

याहून गंभीर उदाहरण इंग्लंडमधल्या शेफील्डचे आहे. १९८६ साली तिथे तरुणांसाठी रात्री नऊची उपासना सुरू झाली. संगीत, प्रकाश, शेकडो तरुण, बिशपांचे कौतुक, सगळे होते. १९९५ साली उघडकीला आले की तिच्या पुढाऱ्याने कित्येक स्त्रियांचे शोषण केले होते. उपासना कोसळली. हे आम्ही सबंध एक संध्याकाळ बोललो, आणि घरी जाताना कोणी कोणाशी बोलत नव्हते. तिथे सिद्धांत तपासायला मोठी माणसे होती, उपासना नावीन्यपूर्ण आहे का हेही पाहायला होती. एखाद्या मुलीला त्या गटाबाहेर जाऊन कोणाजवळ बोलता येईल, असा माणूस मात्र तिच्या वाट्याला आला नाही. म्हणून आपल्या तीन अटींविषयी मी जे लिहिते आहे ते या संध्याकाळचे लक्षात ठेवून लिहिते आहे.

नावांची यादी आम्ही देणार नाही. बैठकीत दोन जण बाप्तिस्मा न घेतलेले आहेत, एकाच्या घरी तो इथे येतो हे माहीत नाही, आणि चष्म्याची गोष्ट सांगणारे यादीत नाव आले असते तर कधी आलेच नसते. जबाबदार म्हणून माझे नाव आहे आणि सोबत आणखी एका सभासदाचे. ही दोन नावे कमिटीकडे आहेतच. काही चुकले तर आम्हाला बोलवावे.

विषय महिनाभर आधी सूचनाफलकावर लावायला आमची मनापासून तयारी आहे. कोणीही वाचावेत, कोणीही यावे. मंजुरीसाठी मात्र पाठवणार नाही, कारण मंजूर झालेल्या विषयावर लोक मंजूर झालेलीच उत्तरे देतात.

पाळकसाहेब, आपण दर गुरुवारी या. हे मी मनापासून लिहिते आहे. वर्तुळात एक खुर्ची घ्या, पाळी आली की बोला, नसेल बोलायचे तर पुढे द्या, जसे आम्ही करतो. पण आपण नसाल तेव्हा तोंड बंद ठेवायचे, ही अट स्वीकारली तर आपण असतानाही तोंड उघडणार नाही. ८ एप्रिल १९४५ला फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत फाशीची शिक्षा झालेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फासावर गेलेला हिटलरविरोधी जर्मन डीट्रिख बोनहोफर हा पाळकच होता. त्याच्या आदल्या वर्षी कैदेतून मित्राला लिहिलेल्या पत्रांत तो विचारत होता की आज आपल्यासाठी ख्रिस्त खरोखर कोण आहे. हे त्याने मित्राला लिहिले, धर्मसभेला नाही. असे प्रश्न माणूस आधी मित्राजवळच काढतो.

आता आमच्याकडून जे द्यायचे आहे ते. कोणीही सलग तीन महिन्यांपेक्षा जास्त बैठक चालवणार नाही. बैठकीच्या नावाखाली पैसे गोळा होणार नाहीत. समुपदेशन म्हणून कोणी कोणाला एकटे भेटायला बोलावणार नाही. आणि कमिटीकडे आमची एकच मागणी आहे: आमच्या गटात नसलेली एक स्त्री मंडळीची वडील, म्हणजे जबाबदार ज्येष्ठ, म्हणून आपण नेमा, तिचे नाव आणि फोन सभागृहाच्या दारावर लावा. बैठकीतल्या कोणालाही काही खटकले तर तिच्याकडे थेट जाता यावे. ती म्हणाली बंद करा, तर त्याच संध्याकाळी बंद. आमच्या प्रश्नांवर पहारा नको, माणसांवर डोळा जरूर ठेवा.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या मंडळीतले वर्ग (लहान गट) कसे सुरू झाले हे संडे स्कूलच्या शिक्षकांना मी नेहमी सांगायचे. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज फेडायचे होते. एकाने सुचवले की बारा-बारा जणांचे गट करू, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि ती गोळा करायला एकाने घरोघर जावे. जो पेनी आणायला गेला त्याला दिसले की या घरात नवरा पितो, त्या घरात मूल आजारी आहे, इथे कोणी महिनाभर प्रार्थना केलेली नाही. कर्जासाठी केलेल्या गटांतून माणसांची विचारपूस सुरू झाली. वेस्लीने ते पाहिले आणि चालू दिले.

आपल्या पत्राप्रमाणे सभागृहाची किल्ली मी रविवारी सचिवांकडे दिली आहे. त्याच जुडग्यातली छोटी किल्ली संडे स्कूलच्या कपाटाची आहे, ती हरवू नये. वर्तुळात लावलेल्या खुर्च्या आम्ही पुन्हा रांगेत लावून ठेवल्या आहेत. आपले उत्तर येईपर्यंत बैठक माझ्या घरी भरेल. येत्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ वाचणार आहोत. परराष्ट्रीयांनी, म्हणजे ज्यू नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी, सुंता करावी की नाही यावर यरुशलेमेत प्रेषित आणि वडील जमले, पुष्कळ वादविवाद झाला, आणि मग पेत्र उठून बोलला, तो अध्याय. ज्येष्ठ मित्र वाचणार आहेत.

आपली नम्र,
संडे स्कूलची जुनी शिक्षिका आणि गुरुवारच्या बैठकीतील एक सभासद